फौजदारी कोर्टातील बाबासाहेब

थोर पुरुषांची चरित्रे आपण शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून वाचत आलो आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र तर आपल्या मराठवाड्यातील घराघरांत तोंडपाठ आहे. घटनेचे शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ, महाडच्या सत्याग्रहाचे नेते, नागपूरच्या धर्मांतराचे प्रणेते अशी त्यांची अनेक रूपे आपण जाणतो. परंतु त्यांनी वकिली केली, हा उल्लेख बहुतेक चरित्रांत एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. पोटापाण्यासाठी केलेला व्यवसाय एवढेच महत्त्व त्याला दिले जाते. त्या एका वाक्याविषयीच मला आज लिहावयाचे आहे.

याला एक कारण आहे. बी.ए. झाल्यावर मी कायद्याच्या शिक्षणाकडे वळणार आहे, आणि माझ्या वर्गातील आणखी चार-पाच मित्रमैत्रिणींचाही तोच विचार आहे. आम्ही सारे ऊसतोड मजुरांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले. वकील व्हायचे म्हणजे काय शिकायचे, कोठे शिकायचे आणि कोणासाठी शिकायचे, हे प्रश्न आमच्यापुढे आहेत. त्यांची उत्तरे शोधताना मला बाबासाहेबांच्या वकिलीच्या वर्षांकडे वळावेसे वाटले.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाने शिकावे याचा त्यांना ध्यास होता. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली ते लंडनला आले. तेथे अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबर त्यांनी बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन या संस्थेत नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले.

त्या काळी बॅरिस्टर होण्याची रीत मोठी गमतीची होती. ठराविक सत्रे भरावयाची, इनच्या भोजनगृहात ठराविक वेळा जेवण घ्यावयाचे आणि लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे. अशिलाशी कसे बोलावे, साक्षीदाराला काय विचारावे, अर्ज कसा लिहावा, यांपैकी कशाचीही परीक्षा नसे. ते शिक्षण मागाहून एखाद्या ज्येष्ठ बॅरिस्टराच्या हाताखाली उमेदवारी करून मिळवावयाचे असे. ज्याच्या घरात वकिली होती किंवा ज्याची बड्या वर्तुळात ओळख होती, त्याला ही उमेदवारी सहज मिळे. बाबासाहेबांना यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते.

१९२३ साली ते मुंबईस परतले. वकिलीच्या सनदेसाठी लागणारे पैसेसुद्धा जवळ नव्हते. ती अडचण त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांच्या मदतीने दूर झाली. मुंबई उच्च न्यायालयात त्या वेळी कामाचे दोन भाग होते. मूळ शाखेत, म्हणजे ओरिजिनल साइडला, बॅरिस्टराकडे काम यायचे ते सॉलिसिटरच्या मार्फत. मोठमोठ्या व्यापाऱ्यांचे दावे आणि मोठमोठ्या रकमा तेथेच असत. अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टराकडे सॉलिसिटरांनी काम द्यावे अशी त्या काळची स्थिती नव्हती. म्हणून बाबासाहेब अपील शाखेकडे, जिल्ह्यांतील मोफसल कोर्टांकडे आणि फौजदारी खटल्यांकडे वळले. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत येणारी माणसे म्हणजे गिरणी कामगार, बिगारी, गावकुसाबाहेरचे लोक. फी देण्याची ताकद फार थोड्यांजवळ असे. चरितार्थासाठी १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत.

वरवर पाहता हे दैन्य होय. परंतु मला असे वाटते की, जे शिक्षण ग्रेज इनच्या भोजनगृहात मिळाले नव्हते, ते बाबासाहेबांना येथे मिळाले. श्रीमंत अशिलाचे काम कागदांच्या गठ्ठ्यात बांधून येते. गरिबाचे काम त्याच्या तोंडून येते, तेही उलटसुलट, रडत-भेकत, निम्मे सांगून निम्मे लपवून. त्यातून घटना कोणती, ऐकीव काय, पुरावा कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे वकिलालाच वेचून काढावे लागते. आधी घटना आणि मग कलम, हा फौजदारी कामाचा पहिला धडा आहे.

त्यांच्या वकिलीतील एक गाजलेला खटला १९२६ सालचा आहे. दिनकरराव जवळकर यांनी 'देशाचे दुश्मन' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत जहाल टीका होती. जवळकर, केशवराव जेधे, बागडे वकील आदींवर अब्रुनुकसानीची फिर्याद पुण्यात झाली आणि खालच्या कोर्टात आरोपींना शिक्षा झाली. अपिलात आरोपींची बाजू बाबासाहेबांनी मांडली. समोर पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर होते. पुण्यासारख्या शहरात, टिळकांविषयीच्या पुस्तकावरून वातावरण तापलेले असताना, ही बाजू घेणे सोपे नव्हते.

या खटल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. ज्यांच्यावर टीका झाली ते दोघेही हयात नव्हते. दंड संहितेचे ४९९ वे कलम सांगते की, मृत व्यक्तीवरील आरोपसुद्धा अब्रुनुकसानी ठरू शकतो; परंतु तो त्या व्यक्तीच्या कुटुंबियांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केलेला असला पाहिजे. तेव्हा पुस्तक चांगले की वाईट, भाषा सभ्य की असभ्य, हा प्रश्न बाजूला राहतो. फिर्यादी कोण आहे, त्याचे मृताशी नाते किती जवळचे, हे वकिलाने आधी पाहावयाचे असते. सभेत ज्या प्रश्नावर टाळ्या पडतात तो प्रश्न कोर्टात निरुपयोगी ठरू शकतो, आणि ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते त्या शब्दावर माणसाची सुटका अवलंबून असते. १९२६ च्या ऑक्टोबर महिन्यात आरोपी निर्दोष सुटले, आणि बॅरिस्टर आंबेडकरांचे नाव महाराष्ट्रात वकील म्हणून सर्वतोमुखी झाले.

पुढच्याच वर्षी ते स्वतः एका फौजदारी प्रसंगाच्या मध्यभागी सापडले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परतणाऱ्या सत्याग्रहींवर सनातन्यांनी हल्ला केला. अनेकजण जखमी झाले. संख्येने प्रचंड असलेले आपले अनुयायी चिडून उठले असते तर गावात काय झाले असते याची कल्पना करवत नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि कायद्याचा मार्ग धरला. त्या खटल्यात १९२७ च्या जून महिन्यात पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. मार खाऊन घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. उलट हात उचलला तर तोच आरोपी होतो. हा हिशोब त्या गर्दीत एका वकिलाच्या डोक्यात पक्का होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

सगळेच खटले त्यांनी जिंकले असे नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्वे मासिकातून उत्तरे देत, हा त्यांचा गुन्हा. बाबासाहेबांनी उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली. खटला हरला आणि कर्व्यांची शिक्षा टळली नाही. परंतु जे प्रकरण हाती घेतल्याने लौकिक वाढण्याऐवजी बदनामीच पदरी येणार, ते त्यांनी घेतले. लोकांना न आवडणाऱ्या आरोपीलाही वकील असला पाहिजे, हे तत्त्व आपण पुस्तकात वाचतो. ते पाळताना वकिलाला काय सोसावे लागते हे अशा खटल्यांवरून कळते.

आता त्यांच्यातील शिक्षकाकडे वळू. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते १९२८ साली काही काळ प्राध्यापक होते आणि १ जून १९३५ पासून १९३८ पर्यंत त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ज्याला लहानपणी वर्गाबाहेर बसविले गेले, तो इलाख्यातील त्या प्रमुख कायदे महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्या वर्षांतील आणखी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. याच काळात महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा चालू होता, आणि त्यात प्राचार्य आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. १९२७ च्या डिसेंबरात दाखल झालेला हा दावा महाडच्या कोर्टात, मग ठाण्याच्या कोर्टात आणि शेवटी उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. कायद्याने मान्य होईल इतक्या प्राचीन रूढीचा पुरावा त्यांना देता आला नाही, आणि ते हरले. विद्यार्थी वर्गात पुराव्याचा कायदा शिकत असताना त्यांचे प्राचार्य पुराव्याच्या एका प्रश्नावर दहा वर्षे लढत होते! शिकणे आणि करणे यांत भिंत नसलेले असे महाविद्यालय विरळाच.

कायद्याचे शिक्षण कसे असावे याविषयीही त्यांनी विचार केला होता. मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवरचा त्यांचा लेख १९३६ साली त्या महाविद्यालयाच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या वार्षिकांकासारख्याच एका अंकात, हे आपण अवश्य लक्षात ठेवावे. केवळ कायद्याची माहिती असून वकील होत नाही. मुद्दा क्रमाने मांडणे, नेमके बोलणे, समोरून आलेल्या प्रश्नाला जागेवर उत्तर देणे हेही त्याला आले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

येथे थोडा माझा अनुभव सांगतो. माझे मामा अंबाजोगाईला एका वकिलांकडे कारकून आहेत. गेल्या हिवाळ्यात कॉलेजचे तास संपल्यावर मी काही दिवस त्यांच्याबरोबर कोर्टात जाऊन बसलो. एका मारामारीच्या खटल्यात सलग दोन तारखांना साक्षीदार आला नाही. पुस्तकात याला साक्षीदाराची गैरहजेरी म्हणतात. मामांनी मला हळूच सांगितले की, तो साक्षीदार बायकोमुलांसह कारखान्यावर ऊसतोडीला गेला आहे आणि चैत्रापर्यंत परतणार नाही. मुकादमाची उचल अंगावर असताना तो कसा येणार? आपल्या जिल्ह्यातील वकिलाला हे माहीत असलेच पाहिजे. समन्स कोणत्या पत्त्यावर काढावे, तारीख कोणत्या महिन्यात मागावी, हे केज-धारूरच्या माणसांचे वर्ष कसे जाते यावर ठरते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे प्रकरण नाही.

बाबासाहेबांच्या फौजदारी अनुभवाचे सर्वांत मोठे फळ मात्र घटनेत आहे, असे माझे मत आहे. घटना समितीत जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचे कलम चर्चेला आले, तेव्हा ते फार अपुरे आहे अशी अनेक सभासदांची तक्रार होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी एक नवे कलम मांडले. आज ते घटनेचे २२ वे कलम आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. या गोष्टी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होत्याच. मग त्या घटनेत कशाला, असा प्रश्न निघू शकतो. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, साध्या कायद्यातील तरतूद कोणतेही विधिमंडळ उद्या काढून टाकू शकते. ती घटनेत घातली म्हणजे विधिमंडळाचे हात बांधले जातात. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद आहे आणि तिच्यावर त्या वेळीही टीका झाली, आजही होते. तरीसुद्धा पहिल्या चोवीस तासांचे मोल घटनाकाराला कळले होते, याचे श्रेय मी मोफसल कोर्टांत गेलेल्या त्यांच्या दिवसांना देतो. कोठडीत पहिल्या रात्री गरिबाचे काय होते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसालाच ठाऊक असते.

आपल्या भागाला या गोष्टीचा अर्थ अधिक आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. रयतेची भाषा मराठी. पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना लागू झाली तेव्हा बीडच्या माणसालाही हा हक्क मिळाला. भारतीय दंड संहिता मात्र हैदराबाद राज्याला १९५१ साली लागू झाली. म्हणजे आपल्याकडे आरोपीचा हक्क आधी आला आणि दंड संहिता मागून आली. त्याच १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय काढले. हक्क कागदावर आले तरी ते मागणारी शिकलेली माणसे हवीत, हे त्यांनी ओळखले होते. १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालयही सुरू केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले.

मित्रहो, आता आपल्याविषयी दोन शब्द. आमच्या तालुक्यातील एका तरुणाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेले. दोन रात्री तो परतला नाही. त्याची आई ठाण्याबाहेर बसून होती. गावातील कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा तिच्या मदतीला गेला. २२ वे कलम त्याला पाठ होते. परीक्षेत त्यावर त्याला चांगले गुणही मिळाले होते. पण अर्ज कोणाच्या नावे लिहावा, त्यात कोणती वेळ आणि कोणती तारीख घालावी, अटकेची नोंद आहे की नाही हे कोणाला विचारावे, हे त्याला माहीत नव्हते. अखेर मामांनी अर्ज सांगितला, त्याने लिहिला, आणि तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गेला. त्याच दिवशी तरुण घरी आला. त्या मुलाच्या बुद्धीत काहीच उणे नव्हते. त्याला कोणी कोर्टात नेऊन बसविले नव्हते, इतकेच.

आज कायदे महाविद्यालयांत या शिक्षणाची सोय नियमांनी केलेली आहे. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमाप्रमाणे विद्यार्थ्याने तीन अभिरूप न्यायालयांत भाग घ्यावयाचा असतो. एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून नोंदवही लिहावयाची असते. वकिलाच्या कचेरीत अशिलाची मुलाखत कशी घेतात हे पाहावयाचे असते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे झाली आहेत, आणि जुने वकीलही पुन्हा विद्यार्थी झाले आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीतील माणसाला उत्पन्नाकडे न पाहता मोफत वकील मिळतो. साधने आहेत; ती वापरणारे हात तयार झाले पाहिजेत. मित्राची नोंदवही पाहून आपली नोंदवही भरणारा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होईल, पण ठाण्याबाहेर बसलेल्या त्या आईच्या उपयोगी पडणार नाही.

बाबासाहेबांना ज्येष्ठ वकिलाची उमेदवारी मिळाली नाही; त्यांनी गरीब अशिलालाच आपला गुरू केले. आपल्याला तर बीड, अंबाजोगाई, माजलगावची कोर्टे एस.टी.च्या एका तिकिटावर आहेत. न्यायालयाचे दार उघडे असते आणि मागच्या बाकावर बसून ऐकायला कोणाची शिफारस लागत नाही. आपल्यापैकी जे कायद्याकडे वळणार आहेत त्यांनी पदवीच्या निकालाची वाट न पाहता एक दिवस तेथे जाऊन बसावे. हातात वही असावी. आरोपीला काय विचारले, त्याच्या बाजूने कोण उभे राहिले, आणि कोणीच उभे राहिले नाही तर पुढे काय झाले, एवढेच टिपून घ्यावे. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण मिरवणूक काढतो, व्याख्याने ठेवतो. यंदा त्या सप्ताहातील एक सकाळ कोर्टात घालवावी आणि त्या वहीतील नोंदी आपल्या वाङ्मय मंडळात वाचाव्यात, अशी माझी प्राध्यापकांना व मित्रांना नम्र विनंती आहे.